गाडीची चावी: हरवल्यावर काय करायचं आणि हरवण्याआधी काय

गाडीची चावी हरवली की शोरूमला फोन करा नाहीतर नाक्यावरच्या चावीवाल्याला गाठा, पहिला प्रश्न एकच येतो: "दुसरी चावी आहे ना?" आहे म्हटलं की समोरचा माणूस निवांत होतो. काम बहुतेक वेळा तासा-दोन तासांचं असतं. नाही म्हटलं की गाडी टो करून आणायची भाषा सुरू होते, कागदपत्रं मागितली जातात, कंपनीकडून कोड येईपर्यंत थांबावं लागतं आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. हरवलेली वस्तू दोन्ही वेळा तीच. मग एवढा फरक का पडतो, हे समजून घेतलं तर आजच्या चावीचं सगळं गणित उलगडतं.

आजची गाडी नुसत्या चावीच्या दात्यांवर चालू होत नाही. गाडीतल्या एका छोट्या संगणकात यादी असते, कोणकोणत्या चाव्या आपल्या आहेत याची. ही यादी रेशनकार्डासारखी समजा. कार्डावर नाव असेल तर हक्क आहे, नसेल तर ओळख सांगून भागत नाही. घरातलं कुणी कार्ड घेऊन हजर असेल तर नवं नाव चढवणं सोपं. कार्डही नाही आणि कुणी हजरही नाही, तर वरच्या कचेरीपर्यंत खेटे घालावे लागतात. नव्या चावीसाठी आपण जे पैसे मोजतो ते प्लास्टिक आणि धातूचे कमी, हे नाव चढवण्याचे जास्त असतात.

एका कवचात चार चाव्या

हातात एकच वस्तू असली तरी तिच्यात दोन, तीन, कधी चार वेगवेगळ्या चाव्या राहतात. प्रत्येकीचं काम निराळं, बिघडण्याची तऱ्हा निराळी. बिघाड झाला की "चावी चालत नाही" एवढंच सांगून आपण मेकॅनिककडे जातो, तिथेच निम्मा गोंधळ होतो.

पहिली चावी म्हणजे धातूचं पातं. कुलपाच्या आत स्प्रिंगवर बसवलेल्या पातळ पट्ट्या असतात. पात्यावरच्या खाचा त्या पट्ट्यांना बरोबर उंचीवर आणतात आणि कुलूप फिरतं. जुन्या गाड्यांच्या चाव्यांना कडेला दाते असत. आता बऱ्याच गाड्यांच्या पात्याच्या अंगावर नागमोडी खोबण कोरलेली असते. बाजारात तिला "लेझर कट" म्हणतात, प्रत्यक्षात ती कटरनेच कोरतात. त्यासाठी वेगळं मशीन लागतं, म्हणून सायकलच्या आणि गोदरेजच्या कपाटाच्या चाव्या करणारा प्रत्येकजण हे काम घेत नाही.

नवी गाडी घेताना चाव्यांसोबत बहुतेक वेळा धातूचा किंवा प्लास्टिकचा एक छोटा बिल्ला मिळतो, त्यावर नंबर कोरलेला असतो. हा चावीचा नंबर. मूळ चावी हातात नसली तरी या नंबरावरून पातं नव्याने कापता येतं. अनेकजण तो बिल्ला चावीच्याच रिंगमध्ये राहू देतात. कृपा करून आजच काढा. चावी हरवली की बिल्लाही जातो, आणि ज्याच्या हाती लागेल त्याला पातं कापायची सोय आयती मिळते. त्याचा फोटो काढून ठेवा आणि बिल्ला आरसी बुक, विम्याचे कागद जिथे ठेवता तिथे ठेवा.

दुसरी चावी डोळ्यांना दिसत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोलाची. चावीच्या मुठीत सेंटीमीटरभर लांबीची काचेची नळी किंवा काळा चौकोनी तुकडा असतो, त्याला ट्रान्सपॉन्डर म्हणतात; बोलीभाषेत चिप. या चिपला सेल लागत नाही. स्टेअरिंगजवळ चावी घालायच्या भोकाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलेलं असतं. चावी फिरवली की त्या वेटोळ्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्यातूनच चिपला काम करण्यापुरती वीज मिळते. ट्रान्सफॉर्मरमध्ये एका तारेतली वीज न जोडता दुसऱ्या तारेत उतरते, तेच तत्त्व. जागी झालेली चिप गाडीशी बोलते. सगळं जमलं तरच इंजिनाचा संगणक पेट्रोल आणि ठिणगी सोडतो. या पहारेकऱ्याचं नाव इमोबिलायझर.

चिप गाडीशी बोलते ते कसं, हा भाग मला फार सुंदर वाटतो. अगदी सुरुवातीच्या चिप फक्त आपला ठरलेला क्रमांक सांगत. तो क्रमांक कुणी ऐकला की नक्कल तयार. मग पद्धत बदलली. गाडी दर वेळी एक नवा, मनात येईल तो आकडा विचारते. चिप आपल्या पोटातला गुप्त अंक वापरून त्या आकड्यावर गणित करते आणि उत्तर पाठवते. तेच गणित गाडी स्वतःशी करते. दोन्ही उत्तरं जुळली तर चावी आपली. गुप्त अंक एकदाही हवेतून जात नाही. बाजूला उभं राहून कुणी सगळा संवाद ऐकला तरी पुढच्या वेळी प्रश्न वेगळा, म्हणून ऐकलेलं उत्तर कुचकामी. हे सगळं सेकंदाच्या छोट्याशा अंशात उरकतं आणि आपल्याला वाटतं, आपण नुसती चावी फिरवली.

या कल्पनेची पहिली पावलं साधी होती. जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेटच्या चावीत एक रेझिस्टर बसवला. त्याच्या १५ वेगवेगळ्या किमती होत्या. गाडी विजेचा अडथळा मोजायची आणि जुळला तरच चालू व्हायची. १५ नमुने जवळ बाळगणाऱ्या चोराला हे फार काळ अडवणार नव्हतं. चिपचा खरा प्रसार युरोपात झाला. १९९८ मध्ये जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. हा पहारेकरी नसला तर काय होतं, हे अमेरिकेने २०२१ नंतर पाहिलं. तिथे ह्युंदाई आणि किया या कंपन्यांच्या चावी फिरवून चालू होणाऱ्या बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझर दिलेलाच नव्हता. स्टेअरिंगखालचं आवरण काढून यूएसबीच्या टोकाने कुलूप फिरवण्याचे व्हिडिओ पोरांमध्ये पसरले आणि गाड्या धडाधड चोरीला जाऊ लागल्या. त्याच कंपन्यांच्या बटणावर चालू होणाऱ्या गाड्यांत इमोबिलायझर होता. त्यांना ही युक्ती लागू पडली नाही. चिपची किंमत यापेक्षा स्पष्ट कशानेही कळणार नाही.

तिसरी चावी म्हणजे रिमोट, दार उघडणारं आणि लावणारं बटण. याला मात्र सेल लागतो. भारतात आणि युरोपात हे रिमोट बहुतेक ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात, अमेरिका-जपानमधले ३१५ वर. अमेरिकेतल्या भावाकडून किंवा परदेशी संकेतस्थळावरून दिसायला हुबेहूब तसाच रिमोट मागवला आणि तो इथे मुका निघाला, असं घडतं ते यामुळे.

रिमोटमध्ये गाडी प्रश्न विचारत नाही, रिमोटच एकतर्फी आज्ञा देतो. म्हणून इथे नक्कल टाळायला वेगळी युक्ती आहे: दर दाबण्याला नवा कोड. रिमोट आणि गाडी दोघंही मोजणी ठेवतात आणि वापरलेला कोड पुन्हा चालत नाही. दक्षिण आफ्रिकेत १९८० च्या दशकात तयार झालेली आणि १९९५ मध्ये मायक्रोचिप या कंपनीने विकत घेतलेली कीलॉक ही यातली गाजलेली पद्धत. तुम्ही घरात बसून खिशातल्या खिशात बटण दाबलंत तर रिमोटची मोजणी पुढे जाते, गाडीची मागे राहते. यावर उपाय ठेवलेला असतो. कीलॉकच्या नेहमीच्या मांडणीत पुढचे १६ कोड गाडी बिनतक्रार मानते. त्याहून पुढे गेलात तर सलग दोनदा दाबल्यावर ती मोजणी जुळवून घेते. लहान मुलाच्या हातात रिमोट बराच वेळ राहिला आणि नंतर पहिल्या दाबण्याला दार उघडलं नाही, तर घाबरू नका, पुन्हा दाबा.

बऱ्याच गाड्यांत रिमोटची नोंद आणि चिपची नोंद ही दोन वेगळी कामं असतात. त्यामुळे दार उघडतं पण इंजिन चालू होत नाही, किंवा इंजिन चालू होतं पण रिमोट गप्प, असे दोन्ही प्रकार घडतात. मेकॅनिकला नेमकं यातलं काय घडतंय ते सांगा.

चौथी चावी म्हणजे खिशात ठेवून विसरून जायची स्मार्ट चावी. दाराच्या हँडलवरचं बटण दाबलं किंवा हँडलला हात लावला की गाडीचे अँटेना कमी वारंवारतेची, १२५ किलोहर्ट्झच्या आसपासची हाक मारतात. ही हाक मुद्दाम जेमतेम मीटर-दीड मीटर ऐकू जाईल अशी ठेवलेली असते. खिशातली चावी ती ऐकून जागी होते, उत्तर तयार करते आणि रिमोटच्याच रेडिओवरून परत पाठवते. दार उघडतं. आत बसून बटण दाबलं की केबिनमधले अँटेना पुन्हा हाक मारतात. या वेळी चावी आत आहे की बाहेर, हे हाक किती जोरात ऐकू आली यावरून ठरतं. म्हणूनच काचेबाहेर उभ्या माणसाच्या खिशातल्या चावीवर आत बसलेलं पोर सहसा गाडी चालू करू शकत नाही.

मात्र एकदा चालू झालेलं इंजिन चावी दूर गेली म्हणून बंद पडत नाही. रस्त्यात मध्येच बंद पडणं जास्त धोक्याचं, म्हणून गाडी फक्त इशारा देते. चावी खिशात असलेला माणूस दादरला उतरून लोकल पकडतो, गाडी चालवणारा ठाण्याच्या पंपावर इंजिन बंद करतो आणि मग ते पुन्हा चालू होत नाही. टूं-टूं आवाज आला तेव्हा गाणी चालू होती. गाडीतून कुणीही उतरलं की चावी कुणाकडे आहे ते विचारायची सवय दोघांनीही लावून घ्यावी.

बंद पडली म्हणजे गेली असं नाही

चावी "मेली" म्हणून आणलेल्या कितीतरी चाव्यांना फक्त सेल हवा असतो. सीआर२०३२, सीआर२०२५, सीआर१६२० असे नाण्याच्या आकाराचे ३ व्होल्टचे सेल त्यात असतात. पहिले दोन आकडे व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात, शेवटचे दोन जाडी: सीआर२०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. जाडी चुकली तर सेल सैल बसतो आणि रिमोट कधी चालतो, कधी नाही. बटण गाडीच्या अगदी जवळ जाऊन दाबावं लागू लागलं की सेल बदलायची वेळ आली समजा. वापरलेला सेल लहान मुलांच्या हाती अजिबात लागू देऊ नका. तो गिळला गेला तर अन्ननलिका काही तासांतच भाजून निघू शकते.

स्मार्ट चावीचा सेल रात्री अकरा वाजता घाटात संपला तरी गाडी चालू करता येते, फक्त कसं ते आधी माहीत हवं. चावीच्या कवचात एक छोटं धातूचं पातं लपवलेलं असतं. बाजूची खिट्टी सरकवली की ते बाहेर येतं. दाराच्या हँडलवर, कधी एका झाकणाआड, त्याचं भोक असतं. आत बसल्यावर ब्रेक दाबून चावीच स्टार्टच्या बटणाला टेकवून धरा. अनेक गाड्यांत त्या बटणामागेच तांब्याचं वेटोळं असतं आणि चावीतली बिनसेलची चिप तिथून वीज घेते. काही गाड्यांत ही जागा कप ठेवायच्या खाचेत किंवा मधल्या कन्सोलमध्ये असते. आपल्या गाडीची जागा मॅन्युअलमध्ये बघून एकदा करून पाहा, सेल काढून. हे दहा मिनिटांचं काम आहे.

पावसाळ्यात भिजलेल्या किंवा तारकर्लीच्या समुद्रात खिशातून आंघोळ करून आलेल्या चावीचं काय? चिप काचेत किंवा घट्ट प्लास्टिकमध्ये बंद असते, ती बहुतेक वेळा वाचते. रिमोटचं सर्किट मात्र खाऱ्या पाण्याने गंजतं. लगेच कवच उघडा, सेल काढा, खारं पाणी असेल तर सर्किट साध्या स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा आणि मगच सेल घाला. सेल आत ठेवून वाळवत बसलात तर गंज वेगाने चढतो.

आणखी एक नेहमीचा घोळ. कवच फुटलं म्हणून आपण शंभर-दोनशे रुपयांचं नवं कवच घालून घेतो. दार उघडतं, पण इंजिन चालू होत नाही आणि मीटरमध्ये चावीचं चिन्ह लुकलुकतं. काही चाव्यांत चिप सर्किटपासून वेगळी, कवचाच्याच एका कप्प्यात चिकटवलेली असते, आणि ती जुन्या कवचाबरोबर कचऱ्यात जाते. जुनं कवच हातात घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका. तसंच, चिप असलेल्या दोन गाड्यांच्या चाव्या एकाच रिंगमध्ये जवळजवळ असतील तर दोन्ही चिप एकदमच बोलू लागतात आणि गाडी गोंधळते. अशा वेळी दुसरी चावी काढून बघा.

खरोखरच हरवली तर

एक चावी हातात असेल तर आजच कामाला लागा, ही माझी कळकळीची विनंती आहे. लोक उरलेल्या एका चावीवर वर्षानुवर्षं गाडी चालवतात, आणि ती एक गेली की मग धावाधाव करतात. एक चावी असताना दुसरी करणं आणि एकही नसताना नवी करणं यांत खर्चाचा आणि मनस्तापाचा जो फरक आहे, तो टाळणं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

एक चालू चावी असली की गाडीच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला, यंत्र जोडतात आणि नव्या चावीचं नाव यादीत चढवतात. बऱ्याच गाड्यांत या वेळी जुनी यादी पुसून समोर हजर असलेल्या सगळ्या चाव्या पुन्हा नोंदल्या जातात. म्हणून घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या; कपाटात राहिलेली चावी यादीबाहेर जाईल. हरवलेली चावी यादीतून काढली का, हे मुद्दाम विचारा. ती न काढताही नवी चावी चालू लागते, पण मग जुनी ज्याला सापडेल त्याच्या हातात चालती गाडी असते. यादीतून काढल्यावर सापडलेल्या चावीच्या पात्याने फार तर दार उघडेल, इंजिन चालू होणार नाही. चावीबरोबर पत्ता असलेला कागद किंवा पाकीटही गेलं असेल तर दाराची आणि इग्निशनची कुलपंही बदलून घ्या.

एकही चावी नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटर आरसी बुक आणि मालकाचं ओळखपत्र मागतं, आणि ते योग्यच आहे. हे न विचारता चावी देणारा माणूस उद्या तुमच्या गाडीची चावी दुसऱ्यालाही देईल. चासी नंबरावरून कंपनीकडून सिक्युरिटी कोड मागवला जातो, चावीच्या नंबरावरून पातं कापलं जातं आणि मग गाडी टो करून आणून नोंदणी होते. काही गाड्यांत एवढ्यावर भागत नाही, इमोबिलायझरचा मेंदू काढून त्याची मेमरी वाचावी लागते किंवा तो बदलावा लागतो. साध्या चिपच्या चावीचा खर्च काही हजारांत राहतो, स्मार्ट चावी त्याच्या पुढे जाते, आणि महागड्या परदेशी गाड्यांची चावी एखाद्या जुन्या स्कूटरच्या भावात पडते.

मग बाजारातला चावीवाला चांगला की शोरूम? माझं मत सरळ आहे. रोजच्या वापरातल्या गाड्यांसाठी, हातात एक चावी असताना, अनुभवी चावीवाला हे काम उत्तम करतो. तो घरी किंवा गाडी अडकलेल्या जागी येतो आणि स्वस्तही पडतो. पण त्याला एक गोष्ट विचारा: नक्कल करणार की नोंदणी? नक्कल म्हणजे जुन्या चिपचीच हुबेहूब जुळी चिप. गाडीला त्या दोन चाव्या एकच वाटतात. काम झटपट होतं, पण उद्या त्यातली एक हरवली तर तिला एकटीला यादीतून काढता येत नाही, जुळीही जाते. नोंदणीत नव्या चावीची स्वतंत्र ओळख चढते. जमेल तिथे नोंदणीच करून घ्या. आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणारी वापरलेली स्मार्ट चावी घेऊ नका. बऱ्याच स्मार्ट चाव्या एकदा एका गाडीशी बांधल्या गेल्या की दुसऱ्या गाडीला स्वीकारत नाहीत.

चावी हरवल्याची पोलिसांकडे गहाळ म्हणून नोंद करा, ऑनलाइन किंवा ठाण्यात जाऊन. ही औपचारिकता वाटते, पण तिचं कारण विम्यात आहे. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी मूळ चाव्या मागते, दोन्ही. एकच दिलीत तर दुसरी कुठे आहे, चोराकडे का, गाडीत विसरलात का, असे प्रश्न उभे राहतात आणि दावा अडतो. चावी आधीच हरवली होती, तेव्हाच नोंद केली होती आणि नवी केल्याचं बिल आहे, असं दाखवता आलं तर तुमची बाजू भक्कम होते. जुनी गाडी विकत घेतानाही याच कारणासाठी दोन्ही चाव्या मागा. एकच मिळत असेल तर नव्या चावीचा खर्च किमतीतून वजा करा आणि गाडी ताब्यात येताच यादी पुसून नव्याने नोंदवून घ्या. आधीच्या मालकाने कुणाकुणाला चाव्या दिल्या होत्या, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. विम्यात चावी बदलण्याचं वेगळं कव्हरही मिळतं; स्मार्ट चावीच्या गाडीला ते घ्यावं असं मला वाटतं, फक्त वर्षात किती वेळा आणि कुठल्या रकमेपर्यंत, ते वाचून घ्या.

चोर कुठे घुसतो

गाडी जवळ आहे असं स्मार्ट चावी कधी मानते? गाडीची हाक ऐकू आली की. पण ती हाक कुणी दुसऱ्याने उचलून लांब नेली तर? एक माणूस गाडीजवळ, दुसरा तुमच्या घराच्या दाराशी, दोघांच्या हातात यंत्रं. गाडीची हाक दारापर्यंत पोचते, आत खुंटीला टांगलेली चावी प्रामाणिकपणे उत्तर देते, उत्तर गाडीपर्यंत पोचतं आणि गाडी उघडते. कोड फोडावा लागतच नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हे करून दाखवलं, दहाही उघडल्या. यावर उपाय साधा आहे. चावी दाराजवळ किंवा खिडकीत ठेवू नका, धातूचा अस्तर असलेल्या पाऊचमध्ये ठेवा आणि पाऊच खरा आहे का ते गाडीशेजारी उभं राहून तपासा. आत चावी असताना दार उघडलं तर तो पाऊच निकामी. काही नव्या चाव्यांत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो आणि चावी थोडा वेळ स्थिर राहिली की ती झोपी जाते. मला हा उपाय सगळ्यांत आवडतो, कारण त्यात मालकाला काहीच लक्षात ठेवावं लागत नाही.

आपल्याकडे याहून जास्त ऐकू येतो तो दुसरा मार्ग: काच फोडायची, ओबीडी पोर्टला यंत्र लावायचं आणि काही मिनिटांत स्वतःची नवी चावी यादीत चढवून निघून जायचं. दिल्ली परिसरात पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांकडे अशी यंत्रं सापडल्याच्या बातम्या वारंवार येतात. जे यंत्र चावीवाल्याच्या पोटापाण्याचं साधन आहे, तेच इथे हत्यार होतं. पार्किंगमधला तिसरा प्रकार अगदी साधा. तुम्ही चालता चालता रिमोटने दार लावता, जवळ कुणीतरी त्याच वारंवारतेवर गोंगाट करत असतो, गाडीला आज्ञा ऐकूच जात नाही आणि दार उघडंच राहतं. पाठ फिरवण्याआधी इंडिकेटर लुकलुकले का, खटका वाजला का, आरसे मिटले का, एवढं बघा. शंका आली तर हँडल ओढून पाहा.

या सगळ्यांवर माझा सल्ला जुन्या काळाचा वाटेल: गिअर लॉक बसवा. यादीत नाव चढवता आलं तरी पोलादी दांडा संगणकाला जुमानत नाही.

चिपचं गणितही अभेद्य नसतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एका प्रसिद्ध चिपचा गुप्त अंक ४० बिटांचा होता, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड, पण २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळेच्या संशोधकांनी ती फोडून दाखवली. मेगामॉस नावाच्या दुसऱ्या चिपमधले दोष शोधणाऱ्या संशोधकांना २०१३ मध्ये फोक्सवॅगनच्या अर्जावरून ब्रिटनच्या न्यायालयाने निबंध छापण्यापासून रोखलं; तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मधली दोन वर्षं गाड्यांचे मालक अंधारात राहिले. हे मला चुकीचं वाटतं. दोष लपवल्याने तो जात नाही, फक्त ज्याला आधीच माहीत आहे त्याची सोय होते.

फोन हीच चावी

उचलून नेलेल्या हाकेवरचा खरा तोडगा अंतर मोजण्यात आहे, आवाजाच्या जोरावरून अंदाज बांधण्यात नाही. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जाते. अल्ट्रा वाइडबँड तंत्रज्ञानात प्रश्न गेल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ इतक्या बारकाईने मोजतात की चावी खरोखर किती अंतरावर आहे ते कळतं. मध्ये कुणी यंत्र घेऊन उभं असलं तर लहर लांबून फिरून येते, वेळ वाढतो आणि गाडी नकार देते. हे अजून महागड्या गाड्यांत जास्त दिसतं.

आपल्याकडे फोनची चावी मुख्यतः एनएफसीवर, म्हणजे अगदी टेकवल्यावरच बोलणाऱ्या रेडिओवर, येते आहे, जसं ह्युंदाई अल्काझारमध्ये. फोन हँडलला टेकवला की दार उघडतं. टेकवायलाच लागत असल्यामुळे लांबून हाक उचलायचा प्रश्न कमी राहतो. चावी दुसऱ्याला फोनवरून पाठवता येते आणि परत काढूनही घेता येते, हा तिचा मोठा फायदा. काही फोन बॅटरी संपल्यावरही थोडे तास चावीपुरते जागे राहतात, पण त्या भरवशावर कोयना धरणापर्यंत जाऊ नका. सोबतचं एनएफसी कार्ड पाकिटात असू द्या. आणि गाडी विकताना दोन चाव्या नव्या मालकाच्या हातात देण्याआधी गाडीच्या पडद्यावर जाऊन तुमचा, घरच्यांचा आणि जुन्या ड्रायव्हरचा फोन यादीतून काढा, कंपनीच्या ॲपमधूनही गाडी काढून टाका. तुम्ही गाडी घेत असाल, तर हेच सगळं तुमच्यासमोर करायला सांगा.